पोरीबाळींचं पुस्तक आणि दीडशे वर्षांचा वाद



तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या हातात गोष्टीचं पुस्तक दिसलं, की घरातून कुणीतरी विचारतंच, "अभ्यासाचं काही आहे का ते, की नुसता टाइमपास?" हीच मुलगी सहा वर्षांची असती तर गोष्टी वाचते म्हणून आपण तिचं कौतुक केलं असतं. पंचवीस वर्षांची होऊन तिनं जाड कादंबरी हातात घेतली असती, तर चारचौघी म्हणाल्या असत्या, बाई वाचणारी आहे. पण ना लहान ना मोठं अशा मधल्या वयासाठी जे लिहिलं जातं, त्याला मान देताना सगळ्यांचाच हात आखडतो.

शिकल्यासवरल्या माणसांतही हा वाद आहे. किशोरवयातल्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्यांना खरं साहित्य म्हणायचं का? काही वाचक म्हणतात, ही पुस्तकं सोपी, गोड, उपदेश करणारी असतात. वय सरलं की त्यांचं कामही सरतं. काही म्हणतात, माणूस सगळ्यात जास्त बदलतो तो याच वयात, मग त्या वयाचं खरं चित्र काढणं हलकं काम कसं? आज या वादाचा इतिहास आपण एका पुस्तकाच्या आधारानं पाहू. पुस्तक अमेरिकेतलं आहे, १८६८ सालचं. त्याचं मूळ नाव 'लिटल विमेन', म्हणजे छोट्या बायका. मराठीत ते शांता शेळके यांनी 'चौघीजणी' या नावानं आणलं. पुस्तक मुलींसाठी लिहिलेलं, बाईनं लिहिलेलं आणि घरातल्या रोजच्या गोष्टींवरचं. म्हणजे त्याला कमी लेखायला तिन्ही कारणं तयारच होती.

कर्जाच्या घरातली लेखिका

लेखिकेचं नाव लुईसा मे अल्कॉट. जन्म १८३२ सालचा. चार बहिणींतली ती दुसरी. वडील ब्रॉन्सन अल्कॉट विचारवंत होते, शिक्षणाचे नवे प्रयोग करणारे, गुलामगिरीच्या विरोधात ठाम उभे राहणारे. पण घरात पैसा आणणं त्यांना कधी जमलं नाही. १८४३ मध्ये त्यांनी काही मित्रांबरोबर सामुदायिक शेती सुरू केली. तिथले नियम कडक होते. जनावरांना राबवायचं नाही, त्यांचं दूधही घ्यायचं नाही. पुरुष मंडळी विचारांचा प्रसार करायला बाहेर जायची आणि पीक पावसात भिजू नये म्हणून धावपळ करायची ती बायको आणि लहान मुलींनी. सात महिन्यांत हा प्रयोग बंद पडला आणि कुटुंब उघड्यावर आलं.

संसार ओढला तो आई ॲबिगेलनं. बॉस्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत फिरून मदत पोचवण्याचं पगारी काम तिनं केलं. काम शोधणाऱ्या बायकांना काम मिळवून देणारं कार्यालयही चालवलं. मुलीही हाताशी आल्या. लुईसानं शिवणकाम केलं, शिकवण्या केल्या, लोकांच्या घरी कामाला राहिली. आणि रात्री लिहीत बसली. एकदा ती आपलं लिखाण घेऊन बॉस्टनच्या एका नावाजलेल्या प्रकाशकाकडे गेली. त्यानं सल्ला दिला की तुम्ही शिकवण्याचंच काम करा, लिहिणं तुम्हाला जमायचं नाही. वर शाळा काढायला चाळीस डॉलर उसने दिले. पुढे पुस्तकाचे पैसे आल्यावर लुईसानं ते चाळीस डॉलर त्याला परत केले. हिशोब चोख ठेवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू होतं तेव्हा, १८६२ च्या डिसेंबरात, ती वॉशिंग्टनजवळच्या लष्करी इस्पितळात परिचारिका म्हणून गेली. सहा आठवड्यांतच तिला विषमज्वर झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पारा असलेलं औषध दिलं गेलं आणि त्यानंतर तिची तब्येत कधीच पूर्ण सावरली नाही. अशी ही बाई वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मुलींचं पुस्तक लिहायला बसली.

मनात नसताना लिहिलेलं पुस्तक

रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशन संस्थेतले टॉमस नाइल्स यांनी १८६७ मध्ये तिला मुलींसाठी पुस्तक लिहायला सुचवलं. मुलग्यांसाठीच्या साहसकथा तेव्हा चांगल्या खपत होत्या, मग मुलींसाठीही काही खपेल हा त्यांचा व्यापारी हिशोब. लुईसाला हे काम मुळीच रुचलं नाही. तिनं रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की आपल्याला मुली कधी आवडल्या नाहीत आणि बहिणी सोडल्या तर फारशा माहीतही नाहीत. तरी पैशाची गरज होती म्हणून १८६८ च्या मे महिन्यात ती बसली. विषयासाठी लांब जावं लागलं नाही. तिनं आपलंच घर उचललं. मोठी मेग, दुसरी ज्यो, तिसरी बेथ आणि धाकटी ॲमी. ज्यो म्हणजे ती स्वतः. पुस्तकातले वडील युद्धावर गेले आहेत, पैसा संपला आहे आणि आई चार मुलींना घेऊन घर चालवते आहे. जुलैपर्यंत चारशे पानं तयार झाली.

सुरुवातीची प्रकरणं नाइल्स यांना नीरस वाटली. लुईसालाही तसंच वाटलं. म्हणजे पुस्तकाबद्दल पहिलं वाईट मत देणारी माणसं त्याचा प्रकाशक आणि त्याची लेखिका हीच होती. पण लिखाण काही मुलींच्या हातात गेलं आणि त्या बेहद्द खूश झाल्या. तेव्हा लुईसानं नोंद केली की हे पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्याच त्याच्या सगळ्यात चांगल्या परीक्षक, तेव्हा आपण समाधान मानायला हवं. ही नोंद लक्षात ठेवा, पुढे आपल्याला ती लागणार आहे.

इथे पैशाचीही एक गोष्ट सांगायला हवी. पुस्तक एकरकमी विकून मोकळं व्हायचं, की हक्क आपल्याकडे ठेवून खपणाऱ्या प्रत्येक प्रतीमागे वाटा घ्यायचा, असे दोन रस्ते होते. नाइल्स यांनी तिला हक्क न विकण्याचा सल्ला दिला आणि तिनं तो मानला. आपल्यातली एखादी बाई मसाल्याची कृती व्यापाऱ्याला एकदाच हजार-दोन हजारांना देऊन टाकते आणि दुसरी प्रत्येक पुडीमागे वाटा घेते, यात दहा वर्षांनी जो फरक पडेल, तोच इथे पडला. सप्टेंबरच्या अखेरीला पुस्तक आलं. पहिल्या दोन हजार प्रती पाहता पाहता संपल्या. १८६९ मध्ये दुसरा भाग आला आणि त्याच वर्षी लुईसानं घरावरचं पैशांनी फिटण्यासारखं सगळं देणं फेडून टाकलं.

पहिली भांडणं

पुस्तक खपायला लागलं तसे वादही सुरू झाले. पहिला आक्षेप धर्माच्या बाजूनं आला. त्या काळी मुलांच्या पुस्तकांत देवाधर्माचा उपदेश ठासून भरलेला असायचा. चर्चच्या रविवारच्या शाळांच्या पुस्तकपेट्यांत तशीच पुस्तकं ठेवली जायची. एका धार्मिक मासिकानं लिहिलं की या पुस्तकात धर्म पुरेसा नाही, म्हणून रविवारच्या शाळेत ते ठेवू नये. आज हेच पुस्तक वाचून कुणी म्हणतं की यात उपदेश फार आहे. एकच पुस्तक, आणि एका काळाला त्यात उपदेश कमी पडला, दुसऱ्या काळाला तो जास्त झाला.

दुसरं भांडण खुद्द वाचणाऱ्या मुलींचं. पहिल्या भागानंतर लुईसाला पत्रांवर पत्रं येऊ लागली. शेजारच्या लॉरीशी ज्योचं लग्न लावा, असा आग्रह. लुईसाला ज्योनं लिहीत राहावं, एकटीनं राहावं असं वाटत होतं. ती स्वतःही तशीच राहिली. पण प्रकाशक आणि वाचक दोघांनाही लग्न हवं होतं. तेव्हा तिनं एक मधली वाट काढली. लॉरीशी लग्न लावायचं नाही म्हणजे नाहीच, हे तिनं धरून ठेवलं आणि ज्योला वयानं मोठा, गबाळा, पुस्तकांत रमणारा प्राध्यापक नवरा दिला. आजही वाचणाऱ्यांत यावर एकमत नाही. कुणाला वाटतं, बाजारापुढे लेखिका झुकली आणि पुस्तक तिथे बिघडलं. कुणाला वाटतं, तिनं सगळ्यांची मागणी मान्य केल्यासारखं दाखवून आपला हट्ट पुरा केला. साहित्य म्हणून हे पुस्तक किती मोठं, या प्रश्नाचं एक टोक इथे येऊन अडकतं.

तिसरं मत लुईसाचं स्वतःचं. पुढे तिनं मुलांसाठी बरीच पुस्तकं लिहिली, त्यावर सगळं घर चाललं. पण असं लिखाण म्हणजे पोरांना भरवायची उपदेशाची पेज, असं ती वैतागून म्हणायची. तिला चांगले पैसे मिळत होते, म्हणून ती लिहीत होती. मैत्रिणींनो, स्वतःच्या कामाला कमी लेखण्याची ही सवय बाईमाणसाला नवीन नाही. भाकरी उत्तम झाली तरी आपण म्हणतो, आज काही खास नाही. लेखिकेनं आपल्या पुस्तकाला पेज म्हटलं, म्हणून ते पेजच ठरतं का?

आईचा राग

हे ठरवायचं तर पुस्तक उघडायला हवं. त्यातला एकच प्रसंग घेऊ.

ज्योला लिहायचा नाद. कितीतरी दिवस खपून तिनं गोष्टींची एक वही लिहिलेली. एका संध्याकाळी मोठ्या बहिणी नाटकाला जातात, धाकट्या ॲमीला नेत नाहीत. रागाच्या भरात ॲमी ती वही जाळून टाकते. दुसरी प्रत नाही. ज्यो म्हणते, मी कधीच क्षमा करणार नाही. पुढे नदीवरच्या बर्फावरून घसरत खेळायला ज्यो निघते, ॲमी मागे लागते. बर्फ मध्यावर पातळ आहे हे ज्योला कळलेलं असतं, पण ती बहिणीला सांगत नाही. बर्फ फुटतो, ॲमी पाण्यात पडते. लॉरी आणि ज्यो मिळून तिला कशीबशी बाहेर काढतात.

त्या रात्री ज्यो आईपाशी रडते. माझा राग मला आवरत नाही, एखाद्या दिवशी माझ्या हातून काहीतरी भयंकर होईल, म्हणते. आणि ती शांत, सोशीक, सगळ्यांची लाडकी आई लेकीला सांगते की मलाही जवळजवळ रोज राग येतो. चाळीस वर्षं मी तो जिरवायला शिकते आहे, अजून तो गेलेला नाही, फक्त बाहेर दिसू द्यायचा नाही एवढं जमलं आहे.

आमच्या गटांत हा प्रसंग आम्ही आपल्या बोलीत सांगून पाहिला. बायका गप्प झाल्या आणि मग दोन बाजू पडल्या. एका बाजूचं म्हणणं, हे पुस्तक शेवटी पोरींना गप्प बसायलाच शिकवतं. राग गिळा, हसतमुख राहा. आपल्या आयांनी हेच सांगितलं, आता पुस्तकानंही तेच सांगायचं का? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, अगं, पण कुठल्या आईनं लेकीला हे बोलून दाखवलं आहे? मला रोज राग येतो, असं? आपण लेकीला शांत बस म्हणतो, पण आपल्यालाही शांत बसणं जड जातं हे कधी सांगतो का?

मोठमोठ्या विद्वानांचा वादही नेमका याच जागेवर आहे. काही अभ्यासक म्हणतात, हे पुस्तक मुलींना माणसाळवून घरात बसवतं. काही म्हणतात, वरवर ते तसं करतं, पण आत बाईच्या रागाची खरी नोंद ठेवतं. आम्हाला वाटतं, ज्या पुस्तकातल्या एका प्रसंगावर गावातल्या बायका आणि विद्यापीठातल्या बायका दोन्हीकडे अशा समोरासमोर बसतात, त्याला पेज म्हणता येणार नाही. पेजेवर कुणी भांडत नाही.

कोणी वाचलं, कोणी बाजूला ठेवलं

लुईसाचं कुटुंब बॉस्टनजवळच्या कॉन्कर्ड गावात राहायचं. याच गावात इमर्सन, थोरो आणि हॉथॉर्न हे अमेरिकेचे नामवंत लेखक राहिले. इमर्सन तर तिच्या घरचेच स्नेही. पण पुढे विद्यापीठांत अमेरिकन साहित्य शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा शेजारच्या या पुरुषांची पुस्तकं अभ्यासाला लागली आणि तिचं पुस्तक मुलांच्या कपाटात राहिलं. घराघरांत वाचलं जात होतं, पण मोठ्यांच्या यादीत नव्हतं.

वाचणाऱ्यांनी मात्र ते सोडलं नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे की लोक बायकी म्हणतील हे माहीत असूनही आपल्याला ही मुलींची पुस्तकं फार आवडली. फ्रान्सच्या विचारवंत सिमोन द बोव्हुआर यांनी लिहिलं आहे की लहानपणी ज्योमध्ये त्यांना आपलंच रूप दिसलं. ब्रिटिश लेखिका ब्रिजिड ब्रॉफी यांनी १९६५ मध्ये लेख लिहून एकाच दमात या पुस्तकाला थोरही म्हटलं आणि भयंकरही म्हटलं. रडू आणणारी त्याची भावुकता त्यांना खटकत होती, आणि ते रडू त्यांना स्वतःला आवरत नव्हतं.

मध्येच एक वेगळाच शोध लागला. लिओना रोस्टेनबर्ग या अभ्यासक बाईंनी १९४३ मध्ये जगाला सांगितलं की लुईसा अल्कॉट ए. एम. बर्नार्ड हे टोपणनाव घेऊन सूडाच्या, कपटाच्या, भडक कथाही लिहीत होती. १९७५ मध्ये त्यातल्या काही कथा पुस्तकरूपानं आल्या. मग वाचकांना कळलं की ही बाई गोडगोड लिहिण्यापलीकडेही पुष्कळ काही जाणत होती. तोवर स्त्रियांच्या चळवळीनं जुनी पुस्तकं नव्या नजरेनं वाचायला सुरुवात केली होतीच. ज्या पुस्तकाला नुसतं मुलींचं म्हणून बाजूला ठेवलं होतं, ते विद्यापीठांत अभ्यासाला आलं. या सगळ्या काळात पुस्तकातली गोष्ट बदलली नव्हती, वाचणारी माणसं मात्र बदलली होती.

जाता जाता एक सांगतो. १८७९ मध्ये त्यांच्या राज्यात बायकांना शाळा समितीच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क मिळाला, तेव्हा कॉन्कर्ड गावात मतदार म्हणून नाव नोंदवणारी पहिली बाई लुईसा होती. पुढच्या वर्षी गावसभेत वीस बायकांनी मत दिलं. गावात बायका शेकड्यांनी, आणि पुढे आल्या त्या वीस. ग्रामसभेला बायका जमवताना आपली जी दमछाक होते, ती तिचीही झाली होती.

किशोरांचं साहित्य, वेगळं कपाट

या वयाच्या पुस्तकांना स्वतंत्र नाव मिळालं ते बरंच नंतर. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं १९५७ मध्ये किशोर वाचकांसाठी वेगळा विभाग केला. दहा वर्षांनी, १९६७ मध्ये, 'द आउटसायडर्स' ही कादंबरी आली. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरातल्या एस. ई. हिंटन या मुलीनं ती शाळेत असताना लिहिली होती. छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. शहरातली गरीब पोरं आणि श्रीमंत पोरं यांच्या मारामारीची ही गोष्ट. लेखिका मुलगी आहे हे कळलं तर पुरुष परीक्षक पुस्तक उघडण्याआधीच नाक मुरडतील, म्हणून प्रकाशकांनी तिचं पूर्ण नाव न छापता आद्याक्षरं छापली. लुईसानंतर शंभर वर्षं लोटली होती, तरी अडचण तीच होती.

पुढे हॅरी पॉटरच्या वेळी वाद आणखी पेटला. २००० साली हॅरल्ड ब्लूम या मोठ्या अमेरिकन समीक्षकांनी वर्तमानपत्रात लिहिलं की कोट्यवधी माणसांनी पुस्तक विकत घेतलं तरी ती सगळी चुकू शकतात. त्यांचा मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. खप म्हणजे गुण नव्हे, हे आपल्यालाही कळतं. बाजारात सगळ्यात जास्त खपणारं तिखट सगळ्यात चांगलं असतंच असं नाही. पण उलटही खरं आहे. मुलांसाठीचं आहे म्हणून ते कमी प्रतीचं, असंही नाही. ब्रिटनमध्ये २००१ सालचा व्हिटब्रेड पुरस्कार फिलिप पुलमन यांच्या मुलांसाठीच्या पुस्तकाला मिळाला. मोठ्यांच्या कादंबऱ्या, कविता, चरित्रं यांच्या बरोबरीनं उभं राहून वर्षाचं सर्वोत्तम पुस्तक ठरलेलं मुलांचं ते पहिलंच.

आपल्याकडचं उदाहरण

हा वाद आपल्या दाराशीही आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकेका रात्री एक आठवण, अशा ४२ रात्री. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या हे पुस्तक वाचून रडल्या. आणि पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी म्हणत आलं की हे फार रडवं आहे, आईला देव्हाऱ्यात बसवणारं आहे, याला साहित्य म्हणू नका, संस्काराचं पुस्तक म्हणा.

'चौघीजणी' आणि 'श्यामची आई' शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे खालावलेलं घर आहे, आई आहे आणि पैशाची ओढाताण आहे. श्यामच्या घरी सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि आईचा जीव अर्धा होतो. अमेरिकेतल्या त्या घरात वडील आजारी पडल्याची तार येते, आईला प्रवासाला पैसे हवे असतात, तेव्हा ज्यो आपले लांब केस पंचवीस डॉलरना विकून येते. घरी सगळ्यांसमोर ती हसते आणि रात्री अंधारात उशीत तोंड खुपसून केसांसाठी रडते. बायकोच्या, लेकीच्या अंगावरचं विकून घर तरून गेल्याच्या गोष्टी आपल्या प्रत्येक गटात आहेत. बचतगट कशासाठी निघाले, हे नव्या मुलींना समजावायला व्याजाच्या तक्त्यापेक्षा हे दोन प्रसंग जास्त कामाला येतात.

शांता शेळके यांच्याबद्दलही बोललं पाहिजे. त्या कवयित्री, प्राध्यापिका, गीतकार. १९९६ मध्ये आळंदीला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. एवढ्या मानाच्या लेखिकेनं मुलींच्या पुस्तकाचा अनुवाद करणं कमीपणाचं मानलं नाही. आपली भाषा त्यांनी त्या चौघींना दिली, म्हणून त्या आपल्याला पाहुण्या वाटत नाहीत. कोणतं पुस्तक साहित्य आहे, याचं एक उत्तर अशा कामातूनही मिळतं. कुणा जाणत्या माणसाला ते आपल्या भाषेत आणण्यासाठी महिनोन्‌महिने बसावंसं वाटलं, ही साक्षच आहे.

मग ठरवायचं कसं?

आमच्या ग्रामसंघात मुलींसाठी पुस्तकांची पेटी घ्यायची असं ठरलं तेव्हा हाच प्रश्न पैशाच्या रूपानं समोर आला. पैसे मोजके. काही ताईंनी सांगितलं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि गाइड घ्या, गोष्टींनी पोट भरत नाही. काहींनी सांगितलं, घ्यायच्याच तर संस्कार करणाऱ्या गोष्टी घ्या. मुलींना विचारलं तर त्यांनी तिसरंच सांगितलं. आमच्या वयाच्या मुलींचं काहीतरी आणा, म्हणाल्या.

यातलं कुणीच चुकीचं बोललं नाही. फक्त प्रश्न वेगवेगळे आहेत आणि आपण ते एकात एक मिसळतो. पुस्तक उपयोगी आहे का, हा एक प्रश्न. पुस्तक काय शिकवतं, हा दुसरा. आणि पुस्तक चांगलं लिहिलेलं आहे का, त्यातली माणसं खरी वाटतात का, दुसऱ्यांदा वाचलं तर आधी न दिसलेलं काही दिसतं का, हा तिसरा. साहित्य म्हणून मोल ठरतं ते या तिसऱ्या प्रश्नावर. दीडशे वर्षं 'चौघीजणी'वर भांडणारी बरीच माणसं पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं देत होती आणि आपण तिसऱ्याचं उत्तर दिलं असं समजत होती. त्यात भर म्हणजे, वाचणारी मुलगी आहे एवढ्यावरच काहींनी उत्तर देऊन टाकलं.

तिसरा प्रश्न लावला की किशोरांची सगळीच पुस्तकं पास होतील असं नाही. पुष्कळ नापास होतील. माणसं लाकडाची, शेवट ठरलेला, प्रत्येक पानावर बोध. पण मोठ्यांच्या पुस्तकांतही असं पुष्कळ असतं आणि त्यावरून आपण सगळ्या कादंबऱ्यांना नावं ठेवत नाही. टोपलीतली चार वांगी किडकी निघाली म्हणून कुणी वांग्याची भाजी सोडत नाही, एकेक वांगं हातात घेऊन बघते. पुस्तकंही तशीच एकेक करून बघायची.

आमच्या पेटीत शेवटी गाइडंही आली आणि गोष्टीही आल्या. 'चौघीजणी' आलं, 'श्यामची आई' आलं, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आला, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आले. हे मासिक १९७१ पासून निघतं, पुष्कळ शाळांच्या कपाटात ते पडून असतं, मुख्याध्यापकांना विचारून बघा. आणि एक नियम ठरला. पुस्तक चांगलं की वाईट हे न वाचता कुणी बोलायचं नाही, अध्यक्ष ताईंनीही नाही.

तुमच्या गटातही हे करून पाहता येईल. महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, की दहा मिनिटं ठेवा. एखाद्या मुलीला एक प्रकरण मोठ्यानं वाचू द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही मत असतं आणि बहुतेक वेळा तेच सगळ्यात नेमकं असतं. भांडण झालं तर होऊ द्या. आईनं राग गिळावा की बोलून दाखवावा, ज्योनं लग्न करावं की नाही, श्यामच्या आईनं एवढं सोसावं का, यावर सासू, सून आणि नात तिघी तीन बाजूंनी बोलल्या, तर त्या पुस्तकानं आपलं काम केलं असं समजा.

मुलींना मात्र आधी बोलू द्या. लुईसानं १८६८ मध्ये लिहून ठेवलं होतं ना, ज्यांच्यासाठी पुस्तक आहे त्याच त्याच्या चांगल्या परीक्षक.

पुढच्या कार्यक्रमात परत बचतीकडे वळू. तोवर नमस्कार.